गळका कॉक आणि फायबरचे दोन वॉशर

"बाई, गाडी हलवा! आधी गाडी हलवा!"

खिचडी शिजवणाऱ्या मावशींची हाक आली तेव्हा मी चौथीच्या वर्गात फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते. मावशींचा आवाज तसा नेहमीच मोठा. पोरांना पंगतीला बसवतानाही त्या ओरडतात. पण त्या दिवशीची हाक तशी नव्हती. मुलांना जागेवरच बसायला सांगून मी बाहेर धावले.

आमच्या शाळेच्या पडवीला लागूनच स्वयंपाकाची शेड आहे. गॅस संपला होता म्हणून मावशींनी सकाळीच चूल पेटवली होती. माझी मोटारसायकल अंगणात वरच्या बाजूला, फणसाच्या सावलीत उभी होती. तिच्या पोटाखालून पेट्रोलची एक बारीक ओल निघून जांभ्याच्या फरशीवरून उताराने शेडकडे चालली होती. चुलीपासून चार हात लांब असेल नसेल. मावशींनी मला हाक मारतानाच पाण्याची कळशी उचलली आणि सगळीच्या सगळी चुलीवर उपडी केली. राख उडाली, धूर झाला, अर्धकच्चा भात तसाच राहिला.

मी गाडीकडे गेले. टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोल चालू-बंद करायची ती लहानशी तोटी, फिरवून बंद केला. थेंब थांबले नाहीत. मग स्टँड काढून गाडी ढकलत फाटकाबाहेर नेली, पार पाणंदीच्या टोकाला. परत येऊन दोघींनी मिळून त्या ओलीवर माती टाकली. सगळं उरकल्यावर मी पडवीच्या पायरीवर बसले.

मावशी शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "बाई, आज काय झालं नाय. पण उद्या गाडी हय आणू नका."

"नाही आणणार," मी म्हटलं. "पण आज घरी कशी जाऊ?"

त्या उठून आत गेल्या आणि भांडी घासायच्या साबणाची अर्धी वडी घेऊन आल्या. "माझ्या घोवानं एकदा राजापूरहून येताना टाकीला साबण लावलान होता. घरापर्यंत पोचला. तुमी पण लावा."

मी साबण बोटांनी मळून मऊ केला आणि कॉकच्या भोवती गच्च लिंपला. खरंच थेंब थांबले. शाळा सुटल्यावर बावीस किलोमीटर मी तशीच आले, दर दोन वळणांनी खाली बोट लावून बघत.

गाडीची गोष्ट आधी सांगायला हवी. मी प्राथमिक शिक्षिका. घर रत्नागिरीत, शाळा आत डोंगरातल्या वाडीत. बदली झाली तेव्हा कळलं की एसटी घाटीच्या पायथ्याशीच अकराला पोचते आणि शाळा साडेदहाला भरते. शेवटचे चार किलोमीटर घाटीचे, निम्मे कच्चे. माझ्या स्कूटरची चाकं लहान, त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत तीनदा आडवी पडले. तिसऱ्यांदा गुडघा फुटला, तेव्हा दारामागच्या खिळ्यावर लटकलेल्या किल्लीकडे माझं लक्ष गेलं.

ती किल्ली माझ्या सासऱ्यांच्या मोटारसायकलची. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आबा तीस वर्षं मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलरवर ड्रायव्हर होते. ड्रायव्हर म्हणजे बोट हाकणारा नव्हे. बोट तांडेल हाकतो, ड्रायव्हर इंजिन सांभाळतो. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर बाकी सगळ्यांनी देवाचं नाव घ्यायचं आणि ड्रायव्हरने पाना, अशी त्यांची म्हणण्याची पद्धत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला, मग वर्षभराने डाव्यालाही. डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं. त्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्यावर आबांनी कमरेची किल्ली सोडली, खिळ्यावर टांगली आणि गाडीवर ताडपत्री घातली.

सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. माझे यजमान मुंबईला एका कारखान्यात, गणपतीला आणि शिमग्याला येणारे. मुलगी शिकायला कोल्हापूरला. घरात आम्ही दोघंच. तरी आमचं बोलणं जेवण, औषध आणि पाणी कधी सुटणार एवढ्यापुरतंच होतं.

मी विचारलं, "आबा, गाडी मी घेऊ शाळेला?"

"घे," एवढंच म्हणाले.

गिअरची गाडी मला शेजारच्या शाळेतल्या एका बाईंनी शिकवली, मैदानावर, चार रविवारांत. आबा एकदाही बघायला आले नाहीत. सकाळी मी किक मारली की आत रेडिओचा आवाज मोठा व्हायचा. मला वाटायचं, सुनेने मोटारसायकल चालवलेली त्यांना आवडत नाही. मी मनाला लावून घेतलं नाही. मला वेळेवर पोचायचं होतं आणि मी पोचत होते. वर्षभरात घाटीची सगळी वळणं मला पाठ झाली. गाडी शंभर सीसीची, वयाने माझ्या मुलीपेक्षा मोठी, पण चढाला कधी नाही म्हणाली नाही.

कॉक गळायला लागला दिवाळीनंतर. आधी नुसता वास. मग सकाळी गाडीखाली दिसणारा एक ओला ठिपका. नाक्यावरच्या मेकॅनिककडे दोनदा नेली. पहिल्यांदा त्याने पाना लावून कॉक आवळून दिला. दुसऱ्यांदा अख्खा कॉकच नवा बसवला. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. सुरुवात एखाद्या थेंबाने, आणि मग तो शुक्रवार, जेव्हा तो थेंब चुलीपर्यंत निघाला.

शाळेतून परत येताना मी तशीच साबण लावलेली गाडी मेकॅनिकच्या दारात उभी केली. त्याने लांबूनच बघितलं.

"मॅडम, कॉक बसतो ती टाकीची बैठकच गेली. टाकी बदलायला लागेल. आणि या मॉडेलची टाकी आता येत नाही."

"मग?"

"वेल्डिंग करून बघू, पण गॅरंटी नाही. मी म्हणतो, विकून टाका. स्कूटी घ्या मस्त."

तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या दारात दहा गाड्या उभ्या होत्या. पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. तिन्ही वेळा तो बघायला म्हणून खाली वाकलाच नव्हता. पेट्रोल नेमकं कुठून येतंय हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. वर्गात मुलाचं गणित चुकलं की मी त्याची वही घेऊन बघते, कितव्या पायरीला चुकलं. उत्तरावर नुसती फुली मारली की ते मूल तीच चूक पुन्हा करतं. मी त्याला म्हटलं, "बरं, बघते," आणि गाडी घेऊन निघाले.

संध्याकाळी यजमानांचा व्हिडिओ कॉल आला. मी शाळेतला सगळा प्रकार सांगितला. ते एकदम घाबरले.

"भंगारात दे ती गाडी. उद्याच्या उद्या दे."

"अहो, पण गळतं कुठून ते तरी बघू या."

"तू काय बघणार आहेस? मी शिमग्याला आलो की बघतो."

"शिमग्यापर्यंत शाळेत उडत जाऊ?"

ते हसले, मी नाही हसले. फोन ठेवला आणि अंगणात जाऊन गाडीशेजारी उकिडवी बसले. आबांच्या खोलीची खिडकी अंगणात उघडते. आतून आवाज आला.

"कॉक नाय गळत."

मी वर पाहिलं. आबा गज धरून उभे होते.

"म्हणजे?"

"कॉक नवा हाय. नवा कॉक चार दिवसांत गळत नाय. बाजूचं काहीतरी गळतंय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"महिना झाला, वास येतोय माझ्या खिडकीत."

"मग सांगितलं का नाही, आबा?"

"तू विचारलंस नाय."

मला राग आला, तो मी लपवला नाही. म्हटलं, "आबा, आज शाळेत काय झालं असतं ठाऊक आहे? चाळीस मुलं होती तिथे. विचारलं नाही म्हणून सांगायचं नाही, असं कसं?"

आबांनी मान खाली घातली. मग दोन्ही हात गजातून बाहेर काढून माझ्यासमोर धरले. हात थरथरत होते. "हे बघ. या हातांनी काय करू? नुसतं तोंड चालवणारा म्हातारा म्हणशील."

मी त्या हातांकडे पाहिलं. मग माझे दोन्ही पुढे केले, साबणाने आणि पेट्रोलने पांढरे पडलेले.

"हात माझे घ्या," मी म्हटलं. "तुम्ही सांगा फक्त."

"परवा रविवार," आबा म्हणाले. "सकाळी. इंजिन गार असताना."

शनिवारी शाळेत मी रिक्षा, एसटी आणि उरलेली घाटी पायी असं करून गेले. मावशींनी मला पायी येताना पाहिलं आणि चहा पुढे केला. मी उशिरा पोचल्यामुळे त्या दिवशी मुलांनी दीड तास जास्त खेळून घेतलं, दोष माझा होता.

रविवारी सकाळी अंगणात गोणपाट अंथरलं. आबा खुर्ची घेऊन बाहेर बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते गाडीच्या इतक्या जवळ आले होते. त्यांनी माझ्याकडून आधी सगळी हत्यारं ओळीने मांडून घेतली: दहा नंबरचा पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, जुनं धोतर फाडून केलेली फडकी. शेजारी वाळूची बादली. माझा मोबाइल त्यांनी घरात ठेवायला लावला. देवघरातली समई मी पाहून आले, ती विझली होती.

मी लगेच पाना उचलला.

"ठेव तो," आबा म्हणाले. "आधी बघायचं. खोलायचं नंतर. एकदा खोललंस की गळती कुठली होती ते कोण सांगणार?"

साबण खरवडून कॉक पुसून कोरडा केला. मी खाली डोकं घालून बघत राहिले. ओल यायची, पण ती एकदम सगळीकडे पसरायची. पेट्रोल पाण्यासारखं थेंब धरून बसत नाही, लगेच पातळ होऊन फिरतं. कुठून निघालं ते दिसत नव्हतं.

"बोटीवर काय करायचात तुम्ही?"

"सांध्यावरून हाताचं बोट फिरवायचो. अंगठा लावला की कळायचं." आबांनी आपला अंगठा उचलला, पाहिला आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

तेव्हा मला सुचलं. माझ्या पर्समध्ये खडू असतातच. एक पांढरा खडू घेऊन मी उलथन्याने त्याची पूड केली, कॉक पुन्हा कोरडा पुसला आणि पूड त्याच्या भोवती, टाकीच्या सांध्यावर, कॉक टाकीला धरून ठेवणाऱ्या दोन्ही बोल्टांवर आणि रबरी नळीवर फुंकून बसवली. सगळं पांढरंफेक झालं. मग थांबले.

"आबा, डावा बोल्ट!"

सांधा पांढराच होता. नळी पांढरी. डाव्या बोल्टच्या डोक्याभोवती मात्र पूड करडी पडली होती आणि तिथून करडी रेघ कॉकच्या अंगावरून खाली उतरत होती.

आबा खुर्चीतून उठले. एक हात टाकीवर टेकून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. "खडूचं मला सुचलं नसतं," ते म्हणाले. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "बोल्टच्या आट्यांतून येतंय. म्हणजे वॉशर. त्यानं लोखंडी वॉशर घातलान असणार. काढ आता, टाकी रिकामी कर."

नळी काढून पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं. सीट काढली, टाकीचा मागचा बोल्ट सोडवला आणि टाकी उचलून गोणपाटावर कुशीवर ठेवली. उजवा बोल्ट सहज सुटला. डावा हलेना. खाऱ्या हवेत सगळंच गंजतं आमच्याकडे, त्यात हा बोल्ट महिनाभर भिजलेला. मी जोर लावला.

"धक्का नको," आबा म्हणाले. "तुटला तर आत राहील. आधी थोडा आवळ."

"आवळू? सोडवायचाय ना?"

"आवळ गो. केसभर. मग सोडव."

मी केसभर आवळला. किर्र असा आवाज आला. मग उलट फिरवला तर बोल्ट निमूट निघाला. त्याच्या डोक्याखाली चकाकणारा लोखंडी वॉशर होता. आबांनी तो तळहातावर घेतला. हात थरथरत होता, वॉशर इकडून तिकडे घरंगळत होता, तरी त्यांनी तो माझ्यापुढे धरून दाखवला.

"लोखंडावर लोखंड. मधे मऊ काहीतरी लागतं, जे दाबलं की बसतं. हय फायबरचा असतो, लाल रंगाचा. नवा कॉक बसवताना जुने वॉशर टाकून दिलान, हाताला आला तो घातलान."

म्हणजे टाकी चांगली होती. कॉक चांगला होता. चुकीचे होते ते नखाएवढे दोन वॉशर. मला हसू आलं आणि रागही आला. मी लगेच स्पेअर पार्टच्या दुकानात जायला निघाले, तर आबा म्हणाले, "रविवार हाय. बंद असेल." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मिरकरवाड्याला मिळेल."

दोन वर्षं ते बंदरावर गेले नव्हते. मी रिक्षा बोलावली.

बंदरावर सकाळच्या बोटी लागल्या होत्या. बर्फ फोडायच्या आवाजात लिलावाची ओरड, आणि मासळीच्या टोपल्या घेऊन धावणारी माणसं. आबा रिक्षातून उतरले आणि त्यांनी दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात घातले. मी मुद्दाम एक पाऊल मागे राहिले. जाळी विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याने वर पाहिलं आणि ओरडला, "ड्रायव्हर आलान!" आबांनी खिशातून हात न काढता मान हलवली.

त्यांच्या ओळखीचं वर्कशॉप धक्क्याच्या मागे होतं. मालक मुसलमान, आबांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, एके काळी दोघे एकाच बोटीवर होते. डोक्यावर चष्मा चढवून तो एका बोटीच्या इंजिनाजवळ उभा होता. इंजिन धडधडत होतं. आबांना बघून त्याने हात पुसले, जवळ आला आणि सरळ आबांचा हात खिशातून बाहेर ओढून दोन्ही हातांत धरला. कंप त्याला जाणवलाच असणार. त्याने हात सोडला नाही.

"दोन वर्षं कुठं होतास रे?"

"घरीच," आबा म्हणाले.

"घरी काय करतोस?"

"रेडिओ ऐकतो."

"मग हा पण ऐक," म्हणत त्याने इंजिनाकडे बोट केलं. "सकाळपासून ठोकतोय. मला पत्ता लागत नाय."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाकावरचा लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. एरवी लगेच नजरेत भरणारा त्यांचा कंप त्या धडधडीत कुठे दिसेनासा झाला. एकेका सिलिंडरवर टोक सरकवत ते ऐकत होते. मी त्यांना जेवताना, झोपताना, औषध घेताना पाहिलं होतं. काम करताना आजच पाहत होते.

"तिसऱ्याचा नोझल बघ," ते म्हणाले, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी.

मित्राने मान डोलावली आणि मग आमच्याकडे वळला. मी हातातला बोल्ट दाखवला. त्याने दूध पावडरचा एक जुना डबा बाकावर उपडा केला. शंभरेक वॉशर: तांब्याचे, अॅल्युमिनियमचे, रबराचे. त्यातून लाल फायबरचे मी वेचले आणि एकेक बोल्टावर चढवून पाहिला. काही ढिले, काही चढतच नव्हते. दोन नेमके बसले. आबांनी सांगितलं, "नख मार." मी नख रुतवलं, बारीक खूण उठली. "हां. हेच." मित्राने आणखी दोन माझ्या हातावर ठेवले. "सुनेला राहू देत," म्हणाला. "पुन्हा लागतील."

घरी येऊन बसवायला घेतलं. टाकीची बैठक फडक्याने स्वच्छ केली, आतली जाळी पेट्रोलने धुतली, रबरी रिंग तपासली. ती नवीच होती, चांगली होती. कॉक जागेवर धरला, बोल्टांना वॉशर घातले आणि हाताने फिरवत आत नेले. मग पाना.

"एक पुरा आवळू नको. इकडे थोडा, तिकडे थोडा. सांधा सरळ बसला पाहिजे."

"किती आवळायचा, आबा? कळणार कसं?"

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आपला हात माझ्या हातावर ठेवला, पान्यावर. थरथर माझ्या मनगटातून कोपरापर्यंत आली. "फिरव," ते म्हणाले. मी फिरवला. "फिरव. थोडा. आता बघ, पाना जड लागायला लागला. आता जाईल पण आवडीनं जाणार नाय. हय थांब."

मी थांबले. त्यांनी हात काढला. दुसऱ्या बोल्टला त्यांनी हात लावला नाही. तो मी एकटीने आवळला आणि जिथे पाना जड झाला तिथे थांबले. आबांनी काहीच म्हटलं नाही, म्हणजे बरोबर होतं.

टाकी चढवली, नळी लावली, कॅनमधलं पेट्रोल फडक्यातून गाळून आत ओतलं. खडूची पूड पुन्हा फुंकली. कॉक उघडला. दोघेही बघत बसलो. बोल्ट पांढरे, सांधा पांढरा. मी आबांकडे बघून हसणार इतक्यात खाली टप्पकन थेंब पडला.

मी पुन्हा वाकले. यावेळी पूड नळीच्या टोकाशी करडी पडत होती. गोणपाटावर नजर गेली तर नळीवर लावायची तारेची लहान क्लिप तिथेच पडलेली. लावायची मीच विसरले होते. कॉक बंद करून क्लिप चढवली आणि पुन्हा उघडला. कोरडं.

"तुम्ही पाहिली होती ना ती क्लिप?" मी विचारलं.

"पाहिली होती."

"पुन्हा सांगितलं नाहीत!"

"आता जन्मात विसरणार नायस," आबा म्हणाले. हे त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि मी त्यांना तसं सांगितलंही. पण हेही सांगितलं की चूल जवळ असेल तर असली शाळा चालणार नाही. ते मोठ्याने हसले. त्यांचं हसू मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होते.

गाडी तशीच तासभर उभी ठेवली. तासाने, जेवणानंतर आणि संध्याकाळी अशी तीनदा मी जाऊन बोट लावलं. कुठेच ओल नव्हती. मग किक मारली. आत रेडिओ लागला नाही, कारण आबा पायरीवर उभे होते.

"चला, बसता?" मी म्हटलं.

मला वाटलं नाही म्हणतील. ते आत गेले, चप्पल घातली, टोपी घातली आणि मागे बसले. मी भाट्याच्या पुलापर्यंत नेऊन आणलं. पुलावर वाऱ्यात ते काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. थांबून विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्या गिअरवर जास्त ताणतेस. तिसरा लवकर टाक." तेव्हा कळलं की ते इतके दिवस रेडिओ मोठा करूनही माझी गाडी ऐकत होते.

सोमवारी शाळेत गाडी मी मुद्दाम फाटकाबाहेर लावली, पक्की झाली होती तरी. आजही तिथेच लावते.

गुरुवारी वर्कशॉपच्या मालकाचा आबांना फोन आला. मला वाटलं नोझलबद्दल कौतुक असेल. आबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "तिसरा नव्हता. दुसरा होता. एक घर चुकलो." तोंड पडलेलं नव्हतं. "म्हणतो, मंगळवारी ये, आणखी एक इंजिन हाय. चुकायला तरी ये." तेव्हापासून मंगळवारी सकाळी मी त्यांना बंदरावर सोडून पुढे शाळेला जाते, आणि दुपारी ते रिक्षाने परत येतात. हाताचा कंप काही कमी झालेला नाही. डॉक्टर म्हणतात, होणारही नाही. पण वर्कशॉपमधली पोरं त्यांना विचारतात, ते सांगतात, आणि हात खिशात घालत नाहीत.

शिमग्याला यजमान आले. आल्या आल्या त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं, टाकीवर हात फिरवला आणि विचारलं, "कोणाकडून करून घेतलंस?"

"आम्ही दोघांनी," मी म्हटलं.

त्यांनी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "हिनं केलान. मी खुर्चीवर होतो."

नंतर कार्ब्युरेटर साफ करायला आबांनी मला शिकवलं, आणि चेन ताणायला, आणि प्लगचं अंतर जुन्या ब्लेडने मापायला. शेजारच्या शाळेतल्या त्या बाई, ज्यांनी मला गाडी शिकवली, आता स्वतःची गाडी घेऊन रविवारी आमच्या अंगणात येतात. गेल्या रविवारी त्यांची क्लचवायर बदलली. आबांना दुपारची झोप लागली होती, म्हणून त्यांना उठवलं नाही. बाईंनी टॉर्च धरला आणि वायर मी एकटीने ओवली.